देखभालीची थकबाकी

यंत्रांचा जो इतिहास आपण शाळेत शिकतो तो बहुतेक जन्मतारखांचा इतिहास असतो. वाफेचे इंजिन कोणी सुधारले, पहिली कापडगिरणी कोणी काढली, पहिली आगगाडी कोणत्या दिवशी सुटली, एवढे आपणांस पाठ असते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली, हे महाराष्ट्रातील कोणत्याही शाळकरी मुलास विचारावे. पण त्या गाडीची इंजिने दुसऱ्या दिवशी कोणी पुसली, त्यांतील राख कोणी काढली, पुढे त्यांचे बॉयलर कोणी धुतले, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही. यंत्र जन्मास एकदाच येते. जगते मात्र ते रोजच्या निगराणीवर. ही निगराणी करणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. त्यांनी केलेल्या कामाची नोंद झालीच, तर ते काम ज्या दिवशी झाले नाही त्या दिवसाची होते.

अशा काही दिवसांविषयी आम्ही आज बोलणार आहोत. विषय आहे जुनी इंजिने आणि हौसेने बाळगलेली जुनी वाहने, आणि त्यांची तुंबलेली देखभाल. हिला आम्ही थकबाकी म्हणतो, आणि तो शब्द सर्व अर्थांनी खरा आहे. सारा थकला तर सरकारची नोटीस येते, भाडे थकले तर घरमालक दारात उभा राहतो. यंत्राची देखभाल थकली तर कोणी येत नाही. यंत्र पूर्वीसारखेच चालत राहते, आणि मालकास वाटते की तेवढा पैसा वाचला. पण व्याज चढतच असते. हे व्याज शेवटी कोणी भरले, याचा शोध घेतला म्हणजे यंत्रांचा निराळाच इतिहास हाती लागतो.

प्रथम यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. आगगाडीच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे एक आडवे मोठे पिंप. त्याच्या एका टोकास भट्टी असते, आणि भट्टीच्या बाजूंना व वरच्या अंगास पाणी असते. भट्टीचे छत म्हणजे एक धातूचा पत्रा. त्याच्या खाली धगधगता विस्तव आणि वर पाणी. वर पाणी आहे तोवर पत्र्यास भीती नसते, कारण त्याची उष्णता पाणी ओढून घेते. पाण्याची पातळी छताच्या खाली गेली की थोड्याच वेळात पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि वरील वाफेच्या दाबाने खाली झुकू लागतो. तो फाटला की बॉयलरमधील पाण्यावरचा दाब क्षणार्धात नाहीसा होतो. दाबाखालचे हे पाणी शंभर अंशांपेक्षा पुष्कळ अधिक तापलेले असते; दाब जाताच त्यातील काही भागाची तत्क्षणी वाफ होते, आणि वाफेला मोकळ्या हवेत मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. बॉयलरचा स्फोट म्हणतात तो हा. त्यात दारूगोळा नसतो. असते फक्त पाणी.

असे होऊ नये म्हणून जुन्या कारागिरांनी एकाहून अधिक पहारेकरी बसविले होते. पाण्याची पातळी दिसावी म्हणून काचेची नळी. दाब मर्यादेबाहेर जाताच वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. भट्टीच्या छतात बसविलेली शिशाची डाट, म्हणजे पाणी कमी पडून छत तापले तर डाट आधी वितळावी आणि वाफ भट्टीत येऊन फायरमनला इशारा मिळावा. भट्टीचा पत्रा बाहेरच्या पत्र्याशी बांधून ठेवणारे शेकडो स्टे बोल्ट; त्यांतील पुष्कळांना बारीक भोक पाडलेले, की बोल्ट आतून तुटला तर त्या भोकातून पाणी झिरपावे आणि बाहेरून कळावे.

पण ह्या प्रत्येक पहारेकऱ्याला एक शत्रू आहे. तो म्हणजे पाण्यातील क्षार. विहिरीच्या जड पाण्याचा हंडा वर्षभर चुलीवर चढविणाऱ्या कोणत्याही गृहिणीस तो ठाऊक आहे. पाणी आटते, क्षार मागे राहतात. बॉयलरमध्ये रोज शेकडो घागरी पाणी आटते. क्षारांचा थर पत्र्यावर बसला की पाणी पत्र्याची उष्णता ओढू शकत नाही. काचेच्या नळीच्या वाटा बुजल्या की पाणी कमी असताना काच भरलेली दिसते. शिशाच्या डाटेवर थर चढला की ती वेळेवर काम देत नाही. म्हणून बॉयलर ठराविक मुदतीने थंड करावा, आतील पाणी सोडावे, झाकणे काढून आत जोराचे पाणी मारावे, सळईने थर खरवडावा, स्टे बोल्टवर हातोडी मारून आवाज ऐकावा. शाबूत बोल्टचा आवाज खणखणीत येतो, तुटलेल्याचा बद्द येतो. हा आवाज ओळखणारा कान पुस्तकाने तयार होत नाही. तो एका जुन्या माणसाच्या शेजारी काही वर्षे उभे राहून तयार होतो.

ह्यांपैकी एकही काम फारसे खर्चाचे नाही. मात्र प्रत्येक कामासाठी इंजिन विझवून उभे ठेवावे लागते, आणि उभे इंजिन कमाई करीत नाही. सर्व थकबाकीचे मूळ ह्या एका वाक्यात आहे.

आता दोन जुनी उदाहरणे पाहू. दोन्ही अमेरिकेतील आहेत. १८६५ च्या एप्रिलमध्ये तेथील यादवी युद्ध संपत आले होते, आणि बंदिवासातून सुटलेले उत्तरेकडील सैनिक घरी परतत होते. मिसिसिपी नदीवर 'सुलताना' नावाची आगबोट होती. ती जुनी नव्हती. १८६३ मध्ये बांधलेली, जेमतेम दोन वर्षांची. व्हिक्सबर्गच्या बंदरात पोचताना तिच्या एका बॉयलरला गळती लागलेली आढळली, आणि पत्रा फुगलेला दिसला. बोलाविलेल्या कारागिराचे म्हणणे पडले की काम नीट करावयाचे तर पत्रे बदलावे लागतील. त्यात काही दिवस गेले असते. इकडे सरकार प्रत्येक शिपायामागे आणि अधिकाऱ्यामागे भाडे देत होते, आणि उशीर झाला तर ते उतारू दुसऱ्या बोटीने गेले असते. कप्तान हा बोटीचा भागीदारही होता. शेवटी फुगलेल्या जागी पातळ पत्र्याचे ठिगळ मारण्यात आले, आणि ३७६ माणसांच्या परवान्याच्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे चढविण्यात आली. २७ एप्रिल रोजी पहाटे दोनच्या सुमारास, मेम्फिसच्या थोडे वर, बॉयलर फुटले. अकराशेंहून अधिक माणसे भाजून किंवा बुडून मेली. स्फोट नेमका कोणत्या कारणाने झाला याविषयी जाणकारांत वाद आहे. परंतु कारागिराने काय सांगितले आणि मग काय करण्यात आले, यात वाद नाही.

दुसरे उदाहरण कारखान्याचे. मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉकटन गावी जोड्यांचा मोठा कारखाना होता, चार मजली, लाकडी बांधणीचा. २० मार्च १९०५ रोजी त्याचा नवा बॉयलर देखभालीसाठी बंद होता, म्हणून बदली म्हणून ठेवलेला जुना बॉयलर पेटविला होता. सकाळची पाळी नुकतीच कामावर बसली होती. जुना बॉयलर फुटला आणि छपरे भेदून आकाशात गेला. इमारत कोसळली आणि तिने पेट घेतला. ५८ माणसे मेली. ह्या घटनेत एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. देखभाल चालू होती ती नव्या यंत्राची. जुने यंत्र अडगळीतील भांड्यासारखे बाजूस उभे होते, आणि अडचणीच्या दिवशी त्याच्याकडून नव्याइतकेच काम मागण्यात आले.

अशा घटना पूर्वी 'दैवी आपत्ती'च्या सदरात टाकीत. बॉयलरचा स्फोट ही काही गूढ वस्तू आहे, असे सुशिक्षितांनाही वाटे. इंग्लंडात विल्यम फेअरबर्न ह्या अभियंत्याने हे गूढ मोडले. पत्रा कमजोर असतो किंवा दाब जास्त असतो, तिसरे कारण शोधू नका, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. त्याच्या पुढाकाराने १८५४ मध्ये मँचेस्टर येथे वाफेची यंत्रे वापरणाऱ्यांची संस्था निघाली आणि तिने सभासदांचे बॉयलर ठराविक वेळी तपासण्यास माणसे नेमली. अमेरिकेत १८६६ मध्ये हार्टफर्ड येथे बॉयलरचा विमा उतरविणारी कंपनी निघाली. विमा हवा तर तपासणी करून घ्या, हा तिचा नियम. १८८२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रत्येक स्फोटाची चौकशी बंधनकारक केली. ब्रॉकटननंतर दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे नियम कायद्याने घालून दिले.

आपल्या देशाची कथा ह्याच वळणाची आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यास बॉयलरचा मोठा स्फोट झाला, आणि १८६४ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. ते एकमेकांशी जुळत नव्हते. शेवटी १९२३ मध्ये सबंध हिंदुस्थानासाठी एक बॉयलर कायदा झाला. बॉयलरची नोंदणी झाली पाहिजे, प्रमाणपत्राची मुदत बारा महिन्यांहून अधिक नसावी, अपघात झाल्यास चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे, ही त्यातील मुख्य कलमे. मुंबईच्या गिरण्यांतील बॉयलर ह्या कायद्याखाली पेटत आणि विझत आले. शंभर वर्षांनंतर, २०२५ मध्ये, संसदेने त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आणला. कालक्रम पाहावा: प्रथम प्रेते, मग चौकशी, मग कायदा. प्रेते पडण्यापूर्वी झालेला बॉयलरचा कायदा आमच्या वाचनात आलेला नाही.

एक कायदा मात्र आम्ही आवर्जून निराळा सांगतो, कारण त्याच्यामागे कामगार संघटनांचा जोर होता. अमेरिकेत रेल्वे-इंजिनांवर काम करणारे ड्रायव्हर व फायरमन भाजून मरत, आणि कंपन्या दोष त्यांच्याच माथी मारीत: पाणी कमी पडू दिलेस, तू चुकलास. संघटनांनी अनेक वर्षे मागणी लावून धरली की इंजिनाचा बॉयलर तपासण्याचे काम कंपनीवर सोडू नये, सरकारचे इन्स्पेक्टर नेमावेत. १७ फेब्रुवारी १९११ रोजी तो कायदा झाला. एक मुख्य इन्स्पेक्टर, दोन साहाय्यक आणि पन्नास जिल्हा-इन्स्पेक्टर नेमले गेले. बॉयलर महिन्यातून निदान एकदा धुतला पाहिजे, स्टे बोल्टवर महिन्यातून एकदा हातोडी वाजली पाहिजे, असे नियम झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोष आढळल्यास इंजिन गाडीस जोडू न देण्याचा अधिकार इन्स्पेक्टरला मिळाला. थोड्याच वर्षांत ह्या अपघातांतील मृत्यू झपाट्याने खाली आले. माणसे तीच होती, कोळसा तोच होता, पाणीही तेच होते. फक्त 'आज हे इंजिन निघणार नाही' असे म्हणणारा कोणी तरी निर्माण झाला होता.

पुढे वाफेचे युग मावळले. ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य मार्गावरील शेवटची वाफेची गाडी चालविली. भारतात रुंद मार्गावरील वाफेची इंजिने १९९५ च्या डिसेंबरात थांबली, आणि मीटरमापी मार्गावरची त्यानंतर काही वर्षांत. इंजिने गेली त्याबरोबर शेड गेली. शेडबरोबर बॉयलरमेकर, वॉशआउटची टोळी, हातोडीचा आवाज ओळखणारे कान, हे सारे निवृत्त झाले किंवा दुसऱ्या कामास लागले. एखादा धंदा बंद पडतो तेव्हा मोडीत निघालेल्या लोखंडाचे वजन होते. विद्येचे वजन कोणी करीत नाही.

मात्र लोखंडावर प्रेम करणारी माणसे निघाली, आणि त्यांची कथा खरोखर मोठी आहे. वेल्समध्ये तालिथिन नावाची एक अरुंद रेल्वे १८६६ पासून पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी चालत होती. १९४६ मध्ये खाण बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स ह्यांनी आपल्या हयातीत गाडी चालू ठेवण्याचा शब्द दिला होता. तो त्यांनी पाळला आणि १९५० च्या जुलैमध्ये ते वारले. त्या वेळी रूळ गवतात बुडाले होते, आणि 'डोलगॉख' नावाचे १८६६ सालचे एकच इंजिन चालण्याजोगे उरले होते. टॉम रोल्ट ह्या लेखकाने व त्याच्या मित्रांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा भरविली, संस्था काढली, आणि १४ मे १९५१ रोजी गाडी पुन्हा धावली. स्वयंसेवकांनी चालविलेली ही जगातील पहिली रेल्वे. पण पहिल्या वर्षांत ह्या मंडळींच्या वाट्यास गाडी चालविण्याच्या आनंदापेक्षा मागच्या पन्नास वर्षांची थकबाकी फेडण्याचे श्रमच अधिक आले. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने त्यांनी पंचवीस-पंचवीस पौंडांस विकत घेतली नसती, तर एकट्या 'डोलगॉख'च्या जिवावर तो संसार फार दिवस चालला नसता.

दक्षिण वेल्समध्ये बॅरी येथे डाय वुडहॅम ह्यांचे भंगारखाते होते. ब्रिटिश रेल्वेने मोडीत काढलेली इंजिने त्यांनी शेकड्यांनी घेतली. परंतु जुन्या वाघिणी तोडणे सोपे व फायद्याचे असल्याने इंजिने तशीच उभी राहिली. हौशी मंडळींनी वर्गण्या काढून १९६८ ते १९९० ह्या काळात तेथून २१३ इंजिने सोडविली. कित्येक इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वीस-वीस वर्षे गंजत उभी होती. ती पुन्हा चालविणाऱ्यांत शिक्षक होते, कारकून होते, दुकानदार होते. ह्या माणसांची आम्ही थट्टा करणार नाही. ज्याची किंमत समाजाने शून्य ठरविली ते त्यांनी स्वतःच्या रविवारांनी विकत घेतले.

पण हौस आली तेथे एक गैरसमजही आला. पूर्वी इंजिनावर कंपनी होती, इन्स्पेक्टर होता, संघटना होती. हौशी माणसाच्या अंगणात ह्यांपैकी कोणी नव्हते. समाजानेही मानले की हे आता खेळणे झाले. वर्षातून चार दिवस पेटते, त्याला कसली तपासणी?

१६ जून १९९५ रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील गार्डनर्स गावाजवळ, गेटिसबर्ग रेल्वेची सहलीची गाडी तीनशेंहून अधिक उतारू घेऊन चालली होती. इंजिन १९४८ मध्ये कॅनडात बांधलेले, क्रमांक १२७८. पाणी कमी पडून भट्टीचे छत गेले, आणि इंजिनावरील तिघे भाजले. केंद्रीय चौकशी मंडळाने अहवाल दिला तो प्रत्येक कारखानदाराने वाचावा असा आहे. बॉयलर पुरेसा धुतला जात नव्हता. पाण्याच्या काचेकडे जाणाऱ्या वाटा क्षारांनी बुजत आल्या होत्या. चालकवर्गास पुरेसे शिक्षण नव्हते. मंडळाने मुख्य दोष ठेवला तो व्यवस्थापनावर, दांडा धरणाऱ्या हातावर नव्हे. उतारू वाचले ह्याचे एक कारण असे की छताचा पत्रा एकदम न फाटता टप्प्याटप्प्याने सुटला. त्या इंजिनाच्या स्टे बोल्टची रचनाच तशी होती. ज्यांनी १९४८ मध्ये ती जुळणी केली त्या कामगारांनी सत्तेचाळीस वर्षांनंतरच्या परक्या उतारूंचे प्राण वाचविले, असे म्हणावयास हरकत नाही. वाफेच्या इंजिनांची विद्या जाणणारी माणसे कमी होत चालली आहेत, हेही मंडळाने स्पष्ट नोंदविले. १९९९ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले: इंजिन १४७२ दिवस चालले, किंवा पंधरा वर्षे झाली, ह्यांपैकी जे आधी होईल तेव्हा बॉयलर संपूर्ण उघडून तपासला पाहिजे.

हे रेल्वेचे झाले. शेतावरच्या इंजिनांना हा नियम लागू नव्हता. ओहायो राज्यात मदिना येथे जिल्ह्याची जत्रा भरते. २९ जुलै २००१ रोजी, जत्रा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी, १९१८ सालचे एक वाफेचे ट्रॅक्शन इंजिन मैदानात आणले होते. आपल्याकडील रोडरोलरसारखे, सुमारे अठरा टन वजनाचे. तेथे त्याचा बॉयलर फुटला. मालक आणि त्यांचा मुलगा धरून पाच जण मेले, आणि पन्नासाच्या आसपास जखमी झाले. तपासणीत आढळले की पाणी कमी होते, भट्टीचे छत झिजून पातळ झाले होते, आणि इशारा देणारी साधने काम देण्याच्या स्थितीत नव्हती. म्हणजे प्रारंभी सांगितलेले सर्व पहारेकरी एकाच वेळी झोपले होते. राज्याच्या कायद्याने कारखान्यांचे बॉयलर तपासले जात; जत्रेतील जुनी इंजिने त्यातून सुटली होती. त्यानंतर ओहायोने ऐतिहासिक बॉयलरांसाठी स्वतंत्र परवाना व तपासणीचा कायदा केला. क्रम पुन्हा तोच.

ह्या गोष्टीचे मर्म आम्हांस असे दिसते. इंजिन पोटासाठी पेटविले आहे की हौसेसाठी, हे वाफेस कळत नाही. उलट हौसेच्या इंजिनास धोका अधिक असतो. रोजचे इंजिन रोज एका माणसाच्या नजरेखालून जाते. आज आवाज निराळा आहे, आज येथे ओल दिसते, हे त्या माणसास आपोआप कळते. वर्षातून दोनदा पेटणाऱ्या इंजिनाचा कालचा आवाज कोणाच्याच कानात नसतो. शिवाय ते पेटते ते गर्दीच्या मधोमध, मुलाबाळांच्या देखत.

थकबाकीचे व्याज पैशात किती होते, याचाही एक प्रसिद्ध हिशेब आहे. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे १९२३ मध्ये डॉनकॅस्टरला बांधलेले इंग्लंडचे सर्वांत लाडके इंजिन. अनेक मालकांच्या हातून फिरत ते २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २३ लाख पौंडांस घेतले. पुढे त्याची संपूर्ण दुरुस्ती काढली. अंदाज होता थोड्या पैशाचा आणि थोड्या दिवसांचा. परंतु एक भाग उघडावा तो दुसरा दोष दिसावा. सांगाड्यास भेगा सापडल्या, पूर्वीच्या घाईच्या डागडुज्या उघड्या पडल्या. इंजिन पुन्हा धावले ते २०१६ मध्ये, आणि दुरुस्तीचा खर्च ४२ लाख पौंडांवर गेला. म्हणजे खरेदीच्या जवळजवळ दुप्पट. पूर्वीच्या प्रत्येक मालकाने जे पुढे ढकलले ते शेवटच्या मालकाच्या खात्यावर एकत्र जमा झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. १८५५ मध्ये लीड्स येथे बांधलेले 'फेअरी क्वीन' हे इंजिन १९०९ पर्यंत बंगालमध्ये राबले, आणि मग अनेक दशके शोभेसाठी उभे राहिले. मद्रासजवळच्या पेरांबूर कारखान्यातील कामगारांनी ते पुन्हा जिवंत केले, आणि १९९७ मध्ये ते दिल्लीहून अलवारला गाडी घेऊन गेले. नित्य चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. वर्तमानपत्रांनी इंजिनाची छायाचित्रे छापली. नवे भाग हाताने घडविणाऱ्या पेरांबूरच्या कारागिरांची छापल्याचे आम्हांस आठवत नाही. दार्जिलिंगची १८८१ ची रेल्वे १९९९ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिची लहान इंजिने डोंगर चढतात ती तिनधारियाच्या कारखान्यातील हातांवर. रेवाडीचे १८९३ चे शेड आज वाफेच्या इंजिनांचे घर म्हणून राखले आहे. आपल्या नेरळ-माथेरानच्या १९०७ च्या लहान रेल्वेवर आपण मुलांना घेऊन जातो, तेव्हा त्यांना इंजिन दाखवितो, शेडही दाखवावी.

बॉयलर सर्वांच्या घरी नसतो. पण जुनी गाडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. वडिलांची लॅम्ब्रेटा, म्हैसूरची जावा, कुर्ल्यात तयार झालेली पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून कायमची गेली. ती टॅक्सी होती तोवर जुनेपणी तिला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागे. तीच गाडी हौशी माणसाच्या गॅरेजात गेली की इतक्या वारंवार तपासणी नाही. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली. ती दहा वर्षे चालते, आणि गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. वारसा जपण्यासाठी हा नियम चांगला आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीच माफ आहे. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर तशीच आहे. म्हणजे दोन्हीकडे भरवसा मालकाच्या हौसेवर आणि प्रामाणिकपणावर.

तो भरवसा सार्थ व्हावा असे वाटत असेल, तर एक समजूत टाकून दिली पाहिजे. 'गाडी फिरविलीच नाही, मग बिघडेल कशी?' असे पुष्कळ लोक म्हणतात. उभी गाडी अधिक बिघडते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, आणि ब्रेकच्या नळ्या आतून गंजतात. टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर वयाने कडक होऊन चिरते. पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो आणि तो नळीत उतरतो. मिरवणुकीच्या दिवशी गाडीला पॉलिश होते. ब्रेकच्या तेलाला पॉलिश करता येत नाही, म्हणून ते तसेच राहते. बाहेरून दिसते ते आपण पुसतो, आणि जीव ज्यावर अवलंबून असतो ते दिसत नाही.

कामगार चळवळीत आम्ही पुष्कळ वर्षे काढली, आणि एक वाक्य निरनिराळ्या कारखान्यांत निरनिराळ्या तोंडून ऐकले: "ही ऑर्डर जाऊ द्या, मग बंद ठेवू." ऑर्डर जाते, दुसरी येते. हे वाक्य व्हिक्सबर्गच्या धक्क्यावर बोलले गेले असेल, आणि आजही कोठे तरी बोलले जात असेल. ते बोलणारे दुष्ट असतात असे नाही. त्यांच्यासमोर कमाईचा आकडा उभा असतो. न झालेल्या अपघाताचा आकडा कोणत्याच वहीत नसतो. म्हणूनच देखभाल ही मालकाच्या मर्जीवर किंवा हौशी माणसाच्या फुरसतीवर सोडून चालत नाही. तिला तीन गोष्टी लागतात: ठरलेली मुदत, ती विद्या जाणणारा व तिच्यासाठी योग्य मोबदला मिळणारा माणूस, आणि त्या माणसाच्या 'नाही' ह्या शब्दाला मान. पहिल्या दोन गोष्टी पैशाने मिळतात. तिसरीसाठी कायदा लागतो, संघटना लागते, आणि जेथे ह्या दोन्ही नाहीत तेथे निदान ऐकून घेणारा मालक लागतो. 'सुलताना'चा कारागीर आपले काम जाणत होता. त्याने खरे सांगितलेही होते. त्याच्या सांगण्याने बोट थांबली नाही, एवढेच कमी पडले.

तेव्हा ह्या शहरात पुढल्या वेळी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघेल, किंवा एखाद्या जत्रेत जुने इंजिन धूर सोडीत उभे असेल, तेव्हा आपण अवश्य जावे, मुलांना न्यावे, टाळ्या वाजवाव्यात. मालकाने ते जपले म्हणून त्याचे अभिनंदनही करावे. मग जवळ जाऊन एकच प्रश्न विचारावा: हे शेवटचे केव्हा उघडून पाहिले, आणि कोणी? ज्याने खरोखर निगा राखली आहे त्यास ह्या प्रश्नाचा राग येणार नाही. तो तुम्हांस हाताला धरून यंत्राच्या मागच्या बाजूस नेईल, तेथील तेलकट कपड्यांतील माणसाशी ओळख करून देईल, आणि तो माणूस तास-तास बोलत राहील. त्याचे बोलणे ऐकून घ्यावे.